पाचारण (ख्रिस्ती धर्म) व जीवनानुभव : सोलापूर परिसर

देवाने एखाद्या सेवेसाठी आपल्याला बोलावले आहे, या जाणिवेला मराठी ख्रिस्ती मंडळींत ‘पाचारण’ म्हणतात. भोगलेला दुष्काळ, वैधव्य, आजार, पोरकेपण यांनी या जाणिवेला मिळणारे वळण एवढाच येथे विषय असून उदाहरणे सोलापूर आणि पुणे–सोलापूर लोहमार्गालगतच्या टापूतील आहेत.

बायबलच्या नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘क्लेसिस’ (बोलावणे). त्याच्या अर्थाचा वाद प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिले पत्र ७:२० या वचनाभोवती फिरतो. पाचारण झाले त्या वेळी जो ज्या स्थितीत होता, त्याने तीतच राहावे, असा तेथील आशय आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने (१४८३–१५४६) ‘बेरुफ’ या जर्मन शब्दाची व्याप्ती वाढवून चांभारकी, घरकाम अशा नित्य धंद्यांनाही पाचारणाचा मान दिला. तेव्हापासून ‘क्लेसिस’ म्हणजे माणसाची सामाजिक स्थिती किंवा व्यवसाय, असे एक मत चालत आले. दुसऱ्या मतानुसार पौलाच्या अन्य पत्रांत हा शब्द विश्वासाकडे बोलावले जाणे याच अर्थाने येतो; स्थिती ही बोलावणे पोहोचण्याची केवळ जागा. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘पाचारणे’ या मराठी क्रियापदातही हाक आणि हाक मारणारा आहे, धंदा नाही. मग अनुभवाचे काम कोणते? त्याचा आधार सहसा करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (१:३-४) शोधतात : संकटात ज्याचे सांत्वन झाले, त्याला संकटातील इतरांचे सांत्वन करता येते. म्हणजे अनुभव पाचारण देत नाही, त्याला पत्ता देतो.

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रात हा क्रम स्पष्ट दिसतो. १८७४ च्या सुमारास आई-वडील उपासमारीत गेले, पुढे भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. १८९६–९७ च्या दुष्काळात मात्र त्यांनी मध्य प्रांतातून भुकेल्या मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले. त्या दुष्काळावर लिहिताना त्यांनी स्वतःच्या उपासाची आठवण दिली आहे. वैधव्याने विधवा दिसल्या, भुकेने जात न पाहता सगळ्याच दिसल्या, असे म्हणता येईल. अर्थात, बाप्तिस्म्यानंतर त्यांची श्रद्धाही बदलत गेली होती, हे विसरून चालत नाही.

सोलापुरात अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट मिशनचे ठाणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहुधा १८६० च्या दशकात आले. १८७६–७८ च्या दुष्काळाचा तडाखा या जिल्ह्याला जबर बसला. मिशनच्या अहवालांत शाळा आणि बालवर्ग यांची दखल विस्ताराने आढळते; घरोघर जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबल-बायांना कोणत्या दुःखाने त्या वाटेवर आणले, हे क्वचितच. मिशनची मंडळी १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात व १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली. कॅथलिक परंपरेत हा शब्द पूर्वी प्रामुख्याने पुरोहित व व्रतस्थांपुरता राखलेला असे; दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) सर्वसामान्यांच्या पाचारणावरही भर आला.

उपासनेत ‘साक्ष’ देताना आजारातून उठलेली व्यक्ती ‘प्रभूने मला राखले’ असे सांगते आणि पुढे रुग्णभेटीचे काम अंगावर घेते, ही रीत सर्वपरिचित आहे.

वेगळा विचार करावा लागतो तो ‘सेटलमेंट’बाबत. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसवलेल्या वसाहतीचे व्यवस्थापन काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होते. व्यवस्थापकांच्या लेखी ती सेवा होती. आत राहणाऱ्यांच्या लेखी हजेरी आणि बंदी. तेथील अनुभव कोणाचा धरायचा, हा प्रश्न पाचारणावरील लेखनात फारसा विचारलेला दिसत नाही, आणि तो विचारायला हवा होता. देशभरात हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. ‘सेटलमेंट’ हे नाव सोलापूरकरांच्या बोलण्यात अजून आहे.