हरवलेल्या कुत्र्याचा शोध

हरवलेल्या कुत्र्याचा शोध : घरापासून दुरावलेला पाळीव कुत्रा सुखरूप परत आणण्यासाठी जे जे करावे लागते, त्या सगळ्याला मिळून हे नाव. नावात ‘शोध’ असला तरी कुत्रा दिसणे हे निम्मेच काम. दिसलेला कुत्रा हाती येणे हे उरलेले निम्मे, आणि बहुतेक प्रयत्न फसतात ते तिथेच.

हरवणारे कुत्रे ढोबळमानाने दोन तऱ्हांचे असतात. दार उघडे दिसले म्हणून बाहेर पडलेला उनाड कुत्रा वास घेत भटकतो, ओळख नसलेल्या माणसांजवळही जातो आणि पुष्कळदा जवळपासच सापडतो. फटाके, अपघात किंवा नव्या जागेची धास्ती यांमुळे पट्टा सोडवून पळालेल्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. तो आधी दिशा न बघता धावत सुटतो, मग झुडपात, नाल्यात, बंद पडलेल्या इमारतीत दडतो आणि माणसांचा वावर थांबला की रात्री-पहाटे बाहेर येतो. एरवी गळ्यात पडणारा हा प्राणी या अवस्थेत घरच्यांना पाहूनही पळ काढतो. मालकाला हे फार लागते. पण त्यात विसरण्याचा किंवा रुसण्याचा भाग नसतो. भेदरलेल्या कुत्र्याला समोर उभे असलेले कोणतेही माणूस आधी धोका वाटते.

कुत्रे आपणहून घरी येतात, हा समज निराधार नाही. बॉबी नावाचा कुत्रा १९२३ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात मालकापासून चुकला आणि फेब्रुवारी १९२४ मध्ये ऑरेगन राज्यातील सिल्व्हर्टन या आपल्या गावी परतला. हे अंतर ४,००० किलोमीटरांच्या आसपास भरते. चेक संशोधकांनी २७ शिकारी कुत्र्यांच्या पट्ट्यांना जीपीएस लावून जंगलातील त्यांच्या फेऱ्या नोंदवल्या. तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ६० टक्के वेळा कुत्रे आल्या वाटेचाच माग काढत परतले. जवळपास एक तृतीयांश वेळा त्यांनी अगदी नवी वाट धरली आणि अशा परतीच्या आरंभी ते अनेकदा उत्तर-दक्षिण रेषेत सुमारे २० मीटर धावले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून ते दिशा ठरवत असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे. मात्र हे कुत्रे रानाला सरावलेले होते. घाबरून पळालेल्या घरगुती कुत्र्याकडून तशी अपेक्षा ठेवून स्वस्थ बसणे महागात पडते. या अभ्यासातून घ्यायचे ते एवढेच, की आल्या वाटेने परतण्याकडे कुत्र्याचा कल असतो. म्हणून तो जिथून निसटला ती जागा रिकामी ठेवू नये. तिथे त्याचे अंथरूण किंवा घरच्यांचा वापरलेला, न धुतलेला कपडा ठेवतात आणि शक्य तर एक माणूस मुक्कामाला बसवतात.

कुत्रा नजरेस पडला की नावाने हाका मारत त्याच्याकडे धावायचे, ही सर्वांत मोठी चूक, आणि ती प्रेमापोटीच होते. आदल्या दिवसापासून दहा अनोळखी माणसे तेच नाव ओरडत त्याच्यामागे पळालेली असतात, त्यामुळे नाव ऐकताच तो सुसाट सुटतो. त्यात रस्ता आडवा आला तर गाडीखालीही जातो. जाणकार याच्या उलट वागतात. ते जागीच खाली बसतात, अंग तिरके ठेवतात, नजर जमिनीकडे लावतात आणि खाऊच्या पिशवीची चुरचुर करत एकेक तुकडा बाजूला टाकत राहतात. कुत्रा लांबून वळसा घालतो, माणसाकडचा वारा त्याच्या नाकाशी येईल अशा बाजूला जातो, मान पुढे काढून हुंगू लागतो. डोळ्यांना न पटलेली ओळख नाकाला पटते. क्षणापूर्वी शेपूट पोटाशी घेतलेले जनावर मग कुंईकुंई करत अंगावर झेपावते. या क्षणीही झडप न घालता पट्टा सावकाश अडकवायचा असतो.

इतके जमत नसेल तर एकाच जागी ठरलेल्या वेळी खाणे ठेवून कुत्र्याला तिथे येण्याची सवय लावतात, हालचाल टिपणारा कॅमेरा लावतात आणि तो रुळल्यावर सापळ्याचा पिंजरा मांडतात. पिंजऱ्यावर पहारा हवा. अडकलेला कुत्रा उन्हातान्हात तसाच सोडता येत नाही.

फलक मोठा व भडक रंगाचा, चालत्या गाडीतून वाचता येईल असा असावा: ‘कुत्रा हरवला’, एक छायाचित्र, फोन क्रमांक आणि ‘पाठलाग करू नका, फोन करा’. कुत्र्याच्या स्वभावाचे वर्णन तिथे कोणी वाचत नाही. एखादी अंगखूण मुद्दाम छापत नाहीत. बक्षिसाच्या आशेने खोटे फोन करणाऱ्यांना ती विचारता येते.

ओळखीच्या साधनांत गळ्यातला बिल्ला सर्वांत साधा आणि, सापडलेल्या कुत्र्यापुरते बोलायचे तर, सर्वांत जलद. मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी, सुमारे १२ मिलिमीटर लांब असते व दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली टोचतात. तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनर जवळ धरल्यावर ती फक्त आपला क्रमांक सांगते, आणि आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो १५ अंकी असतो. कुत्रा कुठे आहे हे चिपवरून कळते, हा गैरसमज आहे. ते काम जीपीएस पट्ट्याचे, आणि तेही त्याची बॅटरी टिकेपर्यंतच. अमेरिकेतील ५३ प्राणी-निवाऱ्यांच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चिप असलेल्या भटक्या कुत्र्यांपैकी ५२ टक्के मालकांकडे परतले. एकूण भटक्या कुत्र्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. चिप असूनही मालक न मिळण्याचे प्रमुख कारण अगदी क्षुल्लक होते: नोंदवलेला फोन क्रमांक चुकीचा किंवा बंद. तरी यंत्रांवर फार विसंबू नये. तिथल्याच २०१२ च्या एका पाहणीत हरवलेले ९३ टक्के कुत्रे परत मिळाले होते. त्यांतील निम्मे आसपास शोधल्याने, तर बिल्ला किंवा चिपमुळे १५ टक्के.

ज्याला असा कुत्रा सापडतो त्यानेही घाईने निष्कर्ष काढू नये. मळलेला, हाडे दिसणारा, अंग चोरणारा कुत्रा टाकून दिलेला किंवा मार खाल्लेलाच असेल असे नाही; दोन आठवडे बाहेर काढले की लाडाचा कुत्राही तसाच दिसतो. पशुवैद्यकाकडे नेऊन चिप तपासून घ्यावी.

परतलेल्या कुत्र्याला एकदम पोटभर वाढत नाहीत. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला ते बाधू शकते, म्हणून थोडे थोडे देतात. गोचिड, जखमा आणि पंजे तपासतात. पहिले काही दिवस त्याला दोन पट्टे लावून फिरवतात, कारण एकदा बुजलेला कुत्रा भांडे पडल्याच्या आवाजानेही पुन्हा दार गाठतो.