अळीमिळी गुपचिळी मोडली, पुढे काय?

‘मी टू’ हे दोन शब्द अमेरिकी कार्यकर्त्या टॅराना बर्क यांनी मायस्पेस या सोशल मीडिया साइटवर वापरायला सुरुवात केली ती २००६ मध्ये. लैंगिक अत्याचार सोसलेल्या कृष्णवर्णीय मुलींसोबत त्यांचं काम चालायचं, आणि ‘माझ्याही बाबतीत घडलंय’ एवढं ऐकल्यानं समोरचीला केवढा आधार वाटतो, हे त्यांनी पाहिलं होतं. पुढची अकरा वर्षं हे शब्द बहुतांशी त्या वर्तुळातच राहिले. मग १५ ऑक्टोबर २०१७ ला अभिनेत्री अलिसा मिलानो यांनी ट्विटरवर आवाहन केलं, की ज्यांना असा अनुभव आला आहे त्यांनी उत्तरात हेच दोन शब्द लिहावेत. चोवीस तास उलटायच्या आत एकट्या फेसबुकवर ४७ लाख लोक या चर्चेत उतरले होते. पोस्ट, कमेंट आणि प्रतिक्रिया मिळून आकडा १ कोटी २० लाखांच्या वर गेला.

शब्द तेच होते, मग फरक कशानं पडला? प्रसिद्ध चेहरा हे एक कारण. दहाच दिवस आधी न्यूयॉर्क टाइम्सनं हॉलिवूडच्या एका बड्या निर्मात्याविषयी छापलेली शोधबातमी हे दुसरं. तिसरं कारण मानसशास्त्रातलं आहे आणि आमच्या मते तेच सगळ्यांत वजनदार. वर्गात शिकवलेलं कुणालाच कळलेलं नसतं, पण बाकीच्यांना कळलंय असं समजून एकही हात वर होत नाही. याला सामूहिक अज्ञान म्हणतात. अत्याचाराच्या बाबतीत ही अळीमिळी गुपचिळी फार खोलवर असते. सोसणाऱ्या प्रत्येकीला वाटतं, की हे आपल्या एकटीच्याच वाट्याला आलं, आणि आपलंच काही चुकलं म्हणून आलं. (प्रत्येकालाही म्हणायला हवं. मुलगे आणि पुरुष यातून सुटलेले नाहीत.) आजूबाजूला कुणी ब्र काढत नाही, हाच तिच्या लेखी पुरावा. ती गप्प बसते आणि तिचं गप्प बसणं पुढचीसाठी पुरावा ठरतं.

जगात साधारण दर तीन स्त्रियांपैकी एकीनं शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा २०१३ पासूनच छापून येत होता. तो वाचून कुणाची झोप उडाली नव्हती. आपल्याच यादीतली शाळेतली मैत्रीण, जुनी सहकारी, चुलत बहीण अशी एकेक ओळखीची नावं संध्याकाळभर पडद्यावर येत राहिली, तेव्हा तोच आकडा अंगावर आला. शिवाय लिहायचे होते दोनच शब्द. तारीख नको, तपशील नको, त्याचं नाव नको. ऑक्टोबर २०१४ मध्ये अँटोनिया झर्बिसियस आणि सू माँटगोमरी या कॅनडातल्या पत्रकारांनी ‘बलात्कार झाला, तक्रार कधीच केली नाही’ अशा अर्थाचा हॅशटॅग सुरू केला होता. त्यातही हीच सोय होती. ‘तेव्हाच पोलिसांत का नाही गेलीस?’ या प्रश्नाला असंख्य जणींनी एका ओळीत उत्तर दिलं.

या सगळ्याचा प्रत्यक्ष परिणाम मोजता येतो का? बऱ्यापैकी येतो. अमेरिकेत १५ ऑक्टोबर २०१७ पासूनच्या आठ महिन्यांत लैंगिक छळ आणि अत्याचार याबद्दलचे गुगलवरचे शोध अपेक्षेपेक्षा ८६ टक्क्यांनी जास्त होते. हे गणित २०१८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आलं. शोध घेणं म्हणजे पाऊल उचलणं नव्हे, म्हणून दुसरा अभ्यास जास्त मोलाचा वाटतो. रोई लेवी आणि मार्टिन मॅटसन या अर्थशास्त्रज्ञांनी ३० देशांतल्या गुन्ह्यांच्या नोंदी तपासल्या. चळवळ जिथे जोरात होती आणि जिथे मंद होती त्या देशांची तुलना केली, लैंगिक गुन्ह्यांची तुलना इतर गुन्ह्यांशी केली. पहिल्या सहा महिन्यांत लैंगिक गुन्ह्यांची नोंद चळवळीमुळे सुमारे १० टक्क्यांनी वाढलेली आढळली.

इथे वाचणारा हमखास घसरतो. नोंदी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढले, असा मथळा लगेच तयार होतो. खरं तर पोलिसांपर्यंत पोचतो तो या गुन्ह्यांचा छोटा हिस्सा, त्यामुळे चांगल्या मोहिमेनंतर आकडा वाढायलाच हवा. गुन्हे वाढले की फक्त नोंदी, हे ओळखायला दोन गोष्टी बघतात. घरोघरी जाऊन केलेल्या सर्वेक्षणातलं प्रमाण स्थिर आहे का, आणि घटना व तक्रार यांच्यातलं अंतर वाढलंय का. जुन्या घटनांच्या तक्रारी येऊ लागल्या असतील, तर वाढला आहे तो विश्वास.

आता नाण्याची दुसरी बाजू. सोशल मीडियाच्या फीडमध्ये काय वर चढतं? २०१७ मध्ये पाच लाखांहून अधिक ट्वीट तपासून विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की राजकीय वादाच्या मजकुरात नैतिक भावना चेतवणारा एकेक शब्द वाढला, की तो पुढे पाठवला जाण्याचं प्रमाण साधारण २० टक्क्यांनी वाढतं. म्हणजे ‘नराधम’, ‘फाशी’, ‘लाज’ असे शब्द पळतात आणि ‘वैद्यकीय तपासणी कुठे होते’ हे जागेवर बसून राहतं. घटनाही त्याच चाळणीतून निवडल्या जातात. अनोळखी हल्लेखोर, रात्र, निर्जन रस्ता अशा गोष्टी व्हायरल होतात. प्रत्यक्षात चित्र उलटं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी जोडीदार असलेल्या स्त्रियांपैकी २७ टक्क्यांनी जोडीदाराकडूनच शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. जोडीदार सोडून इतर कुणाकडून लैंगिक अत्याचार झाल्याचं प्रमाण ६ टक्के, आणि त्या ‘इतरां’तही नातलग, शेजारी, वरिष्ठ असतातच. फक्त फीडवर वाढलेली मुलगी अंधाऱ्या गल्लीला घाबरायला शिकते. ओळखीच्या माणसानं केलेल्या जबरदस्तीला काय म्हणायचं, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरी गफलत कमेंटमध्ये दिसते: ‘ओरडली का नाही?’ याचं उत्तर शरीरशास्त्रात आहे. टोकाच्या भीतीत शरीर लढतं किंवा पळतं, तसंच ते थिजतंही. स्नायू हलत नाहीत, आवाज फुटत नाही, आणि हे इच्छेनं होत नाही. स्टॉकहोममधल्या एका तातडीच्या उपचार केंद्रात बलात्कारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७० टक्के स्त्रिया अत्याचाराच्या वेळी लक्षणीय प्रमाणात थिजल्या होत्या, ४८ टक्के अगदी टोकाच्या. अशांना सहा महिन्यांनंतर आघातोत्तर मानसिक त्रास आणि नैराश्य होण्याची शक्यता जास्त होती. ‘प्रतिकार केला नाही म्हणजे संमती होती’ ही समजूत खोडायला हा एक परिच्छेद शंभर संतप्त पोस्टपेक्षा कामाचा आहे.

तरीही माहिती दिली की वर्तन सुधारतं, असं नाही. २०१४ मध्ये लैंगिक हिंसा रोखण्याच्या उपायांच्या १४० मूल्यमापनांचा आढावा घेतला गेला. एका बैठकीत उरकलेली प्रबोधनं वर्तनावर टिकाऊ परिणाम करताना दिसली नाहीत. याउलट कॅनडातल्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर एक चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्या जणींना प्रत्येकी तीन तासांची चार सत्रं दिली: धोका ओळखणं, ओळखीच्या माणसाला ठाम नकार देणं, प्रत्यक्ष बचाव. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण त्यांच्यात ५.२ टक्के आणि फक्त माहितीपत्रकं मिळालेल्यांत ९.८ टक्के होतं. बारा तास विरुद्ध कागद. पोस्ट ही त्या कागदाच्या जातीची, तेव्हा तिच्याकडून अपेक्षाही तेवढीच ठेवावी.

कागद मात्र नीट छापता येतो. मोहिमेच्या पोस्टमध्ये काय असावं? आधी तास, मग भावना. गर्भनिरोधाची तातडीची गोळी घटनेनंतर १२० तासांपर्यंत घेता येते, पण जितकी लवकर तितकी परिणामकारक. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. पुराव्यासाठी तपासणीआधी आंघोळ न केलेली बरी, पण केली असेल तरी डॉक्टरांकडे जावंच, हे वाक्य विसरू नका, कारण पहिला अर्धा भाग वाचून ‘आता काही उपयोग नाही’ म्हणत घरी बसणाऱ्या असतात. कपडे कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये दमटपणा कोंडतो आणि त्यात जैविक नमुने सडतात.

हेल्पलाइनचा नंबर चित्रात कोरू नका, मजकुरात लिहा. चित्रातला नंबर बोटानं दाबून लावता येत नाही, दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरला तो वाचता येईलच असं नाही, आणि तो बंद पडला तरी तेच चित्र वर्षानुवर्षं फिरत राहतं. नंबर तपासल्याची तारीख शेजारी हवी. आणि गुडघ्यात डोकं खुपसून बसलेल्या मुलीचं ते काळं चित्र एकदाचं टाकून द्या. तसं न दिसणाऱ्या, दुसऱ्या दिवशी कामावर गेलेल्या बाईला त्यातून कळतं ते एवढंच, की आपली गोष्ट यात बसत नाही.

पोस्ट चालली की इनबॉक्स भरतो, आणि बहुतेक मोहिमांची तयारी नेमकी इथेच संपलेली असते. सारा उल्मन यांनी २००० मध्ये ऐकणाऱ्यांच्या प्रतिक्रिया मोजायची एक प्रश्नावली तयार केली. दोष देणं नकारात्मक हे उघड आहे. पण ‘विसर आता, पुढे चल’ हेही नकारात्मक गटात मोडतं. ‘मी त्याला सोडणार नाही’ हेसुद्धा त्याच गटात, कारण त्या क्षणी तिला आपलं दुःख बाजूला ठेवून तुमचा राग सांभाळावा लागतो. ‘आत्ताच्या आत्ता तक्रार कर’ म्हणजे निर्णय तिच्या हातून काढून घेणं. नकारात्मक प्रतिक्रिया आणि नंतरचा मानसिक त्रास यांचा संबंध अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. तेव्हा रात्री साडेअकराला ‘माझ्यासोबत पण असंच झालं होतं, कुणाला सांगितलं नाही’ असा मेसेज आला तर उत्तर साधारण असं असावं: ‘तुम्ही सांगितलंत, बरं झालं. माझा तुमच्यावर विश्वास आहे. यात तुमची चूक नाही. आत्ता तुम्ही सुरक्षित जागी आहात का? तुम्हाला हवं असेल तर कुठे मदत मिळते ते सांगते, नको असेल तर नुसतं ऐकते.’ पुढचे तपशील विचारू नयेत. हा संवाद कुणाच्या फोनमध्ये राहील, कोण वाचेल, हेही तिला आधीच सांगावं, आणि रात्री उत्तर द्यायला कुणी नसेल तर पोस्टमध्येच वेळ लिहावी.

खासगी फोटो पसरवले गेले असतील, तर क्रम महत्त्वाचा: आधी नोंद, मग रिपोर्ट. घाईनं रिपोर्ट केल्यावर पोस्ट उडते आणि तिच्यासोबत पुरावाही. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि खात्याचा पूर्ण पत्ता दिसावा, कारण वर दिसणारं नाव कुणीही पाच सेकंदांत बदलतं. मूळ फाइल जपावी, कारण मेसेजिंग ॲपवरून पाठवलेल्या फोटोतली वेळ-ठिकाणाची माहिती बहुतेकदा गळून पडते. फोटो अल्पवयीन मुलाचा किंवा मुलीचा असेल तर मात्र प्रत काढू नका, पुढे पाठवू नका. ते बऱ्याच ठिकाणी स्वतंत्र गुन्हा आहे. फक्त लिंक आणि खात्याचा पत्ता लिहून घ्या.

पुढचं काम हॅश करते, म्हणजे चित्रावरून काढलेला आकड्यांचा ठसा. डिसेंबर २०२१ पासून प्रौढांसाठी ‘स्टॉपएनसीआयआय’ आणि २०२३ पासून अठराखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ अशा, असे फोटो पसरणं रोखणाऱ्या मोफत सेवा आहेत. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. जातो तो त्याचा ठसा. पीडीक्यू नावाच्या पद्धतीत चित्र ६४ बाय ६४ ठिपक्यांपर्यंत लहान करतात, त्यातल्या उजेड-अंधाराच्या ढोबळ चढउतारांचं गणित मांडतात आणि २५६ शून्य-एकांची एक ओळ काढतात. त्या ओळीवरून मूळ चित्र जसंच्या तसं परत बनवता येत नाही. सहभागी कंपन्या आपल्याकडे चढवल्या जाणाऱ्या चित्रांचे ठसे तिच्याशी ताडून पाहतात. थोडा आकार बदलला, दर्जा घसरला तरी जुळणी होते. चांगलं कापलं, उलटं फिरवलं तर निसटू शकते. सहभागी नसलेल्या साइटवर आणि टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद असलेल्या, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच न वाचता येणाऱ्या मेसेजमध्ये ही युक्ती पोचत नाही.

राहिला प्रश्न नाव घेण्याचा. जाहीर नाव घेतलं की बदनामीचा दावा येऊ शकतो. फ्रान्समध्ये २०१७ चा तिथला हॅशटॅग सुरू करणाऱ्या पत्रकार सँड्रा म्युलर २०१९ मध्ये असा खटला हरल्या होत्या आणि २०२१ मध्ये अपिलात जिंकल्या. पीडितेची ओळख उघड करणं तर अनेक देशांत कायद्यानंच निषिद्ध आहे, आणि ‘न्याय द्या’ म्हणत तिचा फोटो शेअर करणारे हितचिंतकही त्यात सापडतात. यावर एक शांत पर्याय म्हणजे सशर्त नोंद. अमेरिकेतली ‘कॅलिस्टो’ ही संस्था विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांसाठी अशी व्यवस्था चालवते. सोसलेली विद्यार्थिनी तिथे अत्याचार करणाऱ्याची ओळख नोंदवते, पण नावानं नाही, कारण एकाच नावाचे शेकडो असतात. ती देते त्याच्या सोशल मीडिया खात्याचा पत्ता किंवा फोन नंबर. दुसऱ्या कुणी तोच पत्ता नोंदवला की जुळणी होते आणि एक कायदेविषयक सल्लागार दोघींशी स्वतंत्रपणे संपर्क साधतो. तोपर्यंत ती नोंद कुलूपबंद असते. ती व्यवस्था चालवणाऱ्यांनाही वाचता येत नाही.