कामाचे तास संपले की वाढ कुठून येते?

अर्थव्यवस्था दीर्घकाळात किती वेगाने वाढू शकेल, याचा हिशेब दोन आकड्यांत बसतो. सगळे मिळून वर्षभरात किती तास काम करतात आणि एका तासात किती उत्पादन होते. तास वर्षाला १ टक्क्याने आणि तासामागचे उत्पादन २ टक्क्यांनी वाढत असेल, तर वाढीची क्षमता साधारण ३ टक्के. तेजी-मंदीमुळे प्रत्यक्ष आकडा याच्या वर-खाली होत राहतो, इतकेच.

यातला पहिला आकडा कधी ना कधी अडतोच. जन्मदर घसरला की वीसेक वर्षांनी कामावर येणारे नवे हात कमी होतात. जपानमध्ये १५ ते ६४ वयाच्या लोकांची संख्या १९९० च्या दशकाच्या मध्यापासून घटते आहे. स्त्रिया आणि ज्येष्ठ मंडळी कामावर आली तर थोडी उसंत मिळते, पण तीही एकदाच.

मग भिस्त राहते ती उत्पादकतेवर, म्हणजे तासामागच्या उत्पादनावर. १९०९ ते १९४९ या काळात अमेरिकेत, शेती वगळता, तासामागचे उत्पादन दुप्पट झाले. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९५७ मध्ये त्याची फोड केली, तेव्हा वाढलेल्या यंत्रसामग्रीच्या आणि इमारतींच्या वाट्याला जेमतेम एक अष्टमांश श्रेय आले. उरलेले सात अष्टमांश त्यांनी ‘तांत्रिक बदल’ या खात्यावर टाकले. हे खाते म्हणजे आपल्या अज्ञानाचे माप, असे दुसरे एक अर्थतज्ज्ञ मोझेस अब्रामोविट्झ यांनी त्याआधीच म्हणून ठेवले होते, आणि ते फारसे चुकीचे नव्हते.

त्या खात्यात काय दडलेले असते, ते विजेच्या उदाहरणावरून दिसते. वाफेच्या कारखान्यात एकच इंजिन असे. छताखालून लांबलचक दांडा फिरे आणि त्यावरून उतरलेले पट्टे खालची यंत्रे चालवत. यंत्राची जागा कामाच्या क्रमाने नव्हे, तर दांड्याच्या सोयीने ठरे. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झाले. पुढे अनेक कारखानदारांनी इंजिन काढून तिथे मोठी मोटार बसवली, दांडा आणि पट्टे मात्र तसेच ठेवले. फायदा बेताचाच झाला. यंत्रागणिक स्वतंत्र मोटार आली, माल ज्या क्रमाने पुढे सरकतो त्या क्रमाने यंत्रे मांडली गेली, बहुमजली इमारतींऐवजी एकमजली कारखाने उभे राहिले, तेव्हा कुठे उत्पादकतेने उसळी घेतली. तोवर १९२० चे दशक उजाडले होते.

संगणकाचेही तसेच झाले. संगणकयुग सगळीकडे दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही, असे सोलो १९८७ मध्ये म्हणाले. अमेरिकेत उत्पादकतावाढीचा वेग १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वाढला आणि दहाएक वर्षांतच पुन्हा मंदावला. का, यावर अर्थतज्ज्ञांचे अजून एकमत नाही.