रेकी आणि झाडफूक: हात दोन्हीकडे फिरतो, मग फरक कुठं?

तालुक्याच्या गावात योगवर्गाच्या पाटीखाली 'रेकी हीलिंग' अशी ओळ आता दिसू लागली आहे. कोणी जाऊन येतं, बाईंनी नुसता डोक्यावर हात धरला म्हणून घरी सांगतं, आणि आजी म्हणते, "थे तं झाडफूकच हाय ना बाप्पा!" आजीचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात बरंच काही आहे.

आधी रेकीत, म्हणजे हात ठेवून ऊर्जा देतो म्हणणाऱ्या या उपचारात, काय होतं ते पाहू. गेल्यावर त्रास काय, औषधं कोणती चालू आहेत, हे विचारतात. किमान विचारायला तरी पाहिजे. चप्पल, पट्टा, चष्मा काढायचा, कपडे अंगावरच. टेबलावर किंवा सतरंजीवर उताणं झोपायचं. पाठ साथ देत नसेल तर खुर्चीवर बसूनही चालतं. मग डोकं, डोळे, गळा, पोट, गुडघे, पावलं असा एकेका जागी काही मिनिटं हात हलकेच ठेवतात किंवा अंगापासून चार बोटं वर धरतात. चोळणं नाही, दाबणं नाही. दाबत असतील तर ती मालिश झाली. छातीशी हात लावायचा नाही, कुठंच लावायचा नाही, हे आधी सांगता येतं आणि चांगला माणूस ते ऐकतो. बायकांनी सोबत जावेला किंवा बहिणीला न्यावं, दार लोटू देऊ नये. सगळं मिळून पाऊण ते दीड तास. फी झोपायच्या आधी विचारावी.

या वेळात कुणाला ऊब लागते, कुणाच्या हाताला मुंग्या येतात, पोट गुडगुडतं, कुणी रडतं, कुणी घोरतं. काहीच न वाटणारेही असतात, त्यात त्यांचा दोष नाही. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला तासभर कुणी हाक मारली नाही, चहा मांड म्हटलं नाही, तर तिला बरं वाटणारच. माझ्या मते रेकीचा खरा उपयोग एवढाच, आणि तो लहान नाही.

झाडफुकीत निवांतपणा नसतो. माणूस बसलेला, भोवती घरचे अन् शेजारचे, हातात कडूनिंबाचा डगाळा नाहीतर मोरपीस, कपाळाला अंगारा, दहा मिनिटांत काम संपतं. पण खरा फरक सामानाचा नाही, कारणाचा आहे. रेकीवाला म्हणतो, तुमची ऊर्जा अडली आहे. मांत्रिक म्हणतो, तुमच्यावर कुणीतरी केलं आहे. एकदा 'कुणीतरी' आलं की गावात नाव शोधणं सुरू होतं, आणि ते नाव बहुधा एखाद्या एकट्या म्हातारीचं निघतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात 2021 साली जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांनाही भर गावात बांधून मारलं गेलं. रेकीच्या टेबलावरून असलं काही उठत नाही, हे तिच्या बाजूनं नोंदवायलाच हवं.

झाडणाऱ्याकडं डोळ्यांना दिसणारा पुरावाही असतो. कावीळ उतरवताना चुन्याच्या पाण्यात हात धुतात, पाणी पिवळं होतं, आणि कावीळ निघाली म्हणतात. हाताला आधीच आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो. चुना लागला की तो पिवळा पडतो. तोच रस चोळला तर निरोगी माणसाच्या हातांनीही पाणी तसंच पिवळं होईल.

रेकीत अशी हातचलाखी नाही, पण पुरावाही नाही. ती वेदकाळापासूनची असल्याचं सांगतात, त्यात तथ्य नाही. मिकाओ उसुई यांनी 1922 मध्ये जपानमध्ये ती सुरू केली आणि हवायो ताकाता यांनी पुढं हवाईला नेली. हात अंगाच्या वर धरून ऊर्जा जाणवते म्हणणाऱ्या अशाच एका पद्धतीची अमेरिकेत एमिली रोझा या शाळकरी मुलीनं परीक्षा घेतली. मध्ये पडदा, आणि तिचा हात आपल्या कोणत्या हाताजवळ आहे ते उपचारकांनी ओळखायचं. 21 जणांनी 280 वेळा सांगितलं, बरोबर आलं 44 टक्के. नाणं उडवलं असतं तर यापेक्षा बरं जमलं असतं. 1998 मध्ये ते एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ती पद्धत रेकी नव्हती, पण दावा तोच. भिंतीवरच्या 'रेकी मास्टर' प्रमाणपत्राला सरकारी नोंदणी नसते, आणि आयुषच्या पद्धतींतही रेकी नाही.

कायदा मात्र दोघांकडं सारखा पाहत नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. शांतपणे हात ठेवणारा रेकीवाला त्यात येत नाही. पण तोच 'शुगरच्या गोळ्या सोडा, मी घरूनच ऊर्जा पाठवतो' म्हणाला, तर तुमच्या शरीराच्या दृष्टीनं तो आणि मांत्रिक एकाच रांगेत बसले. तिथून उठून यावं.

आपल्याकडं आणखी एक सांभाळायचं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. लेकराचे हातपाय, कंबर असह्य दुखतात, आणि घरचे त्याला बाहेरची बाधा तरी समजतात नाहीतर अडलेली ऊर्जा तरी. दोन्हीकडं वेळ जातो. अशा लेकराला पाणी पाजत राहावं. ताप, धाप किंवा छातीत दुखणं असेल तर वाट न पाहता 108 ला फोन करावा. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. रेकी घ्यायचीच असेल तर दुखणं आटोक्यात आल्यावर घ्यावी, गोळ्या चालू ठेवून.