'सागर अँड आय' की 'सागर अँड मी'?

शिरोली एमआयडीसीतून गेलेली ईमेल असो की रंकाळ्यावरच्या फोटोखालची ओळ, एक चूक हटकून सापडते. 'प्लीज सेंड द ड्रॉइंग टू सागर अँड आय.' लिहिणाऱ्याला इंग्रजी येत नसतं असं नाही. उलट व्याकरणाला जपणारी माणसंच ही चूक करतात, म्हणून ती जास्त खटकते. तिथे 'सागर अँड मी' हवं. या लेखात अवतरणात घातलेला 'मी' इंग्रजीतला समजावा, नाहीतर आपल्या मराठीतल्या मीशी गल्लत व्हायची.

सुटं सर्वनाम असेल तर सहसा कुणी चुकत नाही. आय, ही, शी, वी, दे ही कर्त्याची रूपं. 'मी', हिम, हर, अस, देम ही कर्माची. टू, फॉर, विथ, बिटवीन यांच्या मागोमागही हीच येतात. यू आणि इट दोन्हीकडे सारखेच. यू तर मुळात कर्माचंच रूप. कर्त्यासाठी पूर्वी 'यी' होतं, ते मागे पडलं. एवढं शाळेतल्या पोरांनाही येतं.

घोटाळा सुरू होतो तो 'अँड' आला की. पोरगं वर्गात म्हणतं, 'मी अँड सागर वेंट टू पन्हाळा.' सर लगेच अडवतात, 'सागर अँड आय म्हण!' दुरुस्ती शंभर टक्के बरोबर, कारण पन्हाळ्याला जाणारे ते दोघं म्हणजे वाक्याचे कर्ते. पण सरांनी एका दमात दोन गोष्टी सुधारलेल्या असतात. स्वतःचं नाव शेवटी घ्यायचं हा इंग्रजीतला शिष्टाचार, आणि कर्त्याच्या जागी आय हे व्याकरण. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कुणी सांगत नाही. पोराच्या डोक्यात पक्कं बसतं, की 'मी' गावठी आणि 'अँड आय' सभ्य. पुढे नोकरीला लागल्यावरही जोडी दिसली की तो 'अँड आय' चिकटवून मोकळा होतो. यात पोराचा दोष नाही. कारण न सांगता नुसती दुरुस्ती करणं मला मुळीच पटत नाही.

खात्री करायची असेल तर जोडीदाराला वाक्यातून बाहेर काढा. 'सेंड द ड्रॉइंग टू आय' कानाला सहन होत नाही, 'टू मी' बरोबर वाटतं. सागरला परत आणून बसवला म्हणून ते रूप बदलायचं काही कारण नाही. 'द मॅनेजर कॉल्ड सागर अँड आय' याचंही तेच. 'कॉल्ड आय' कुणी म्हणत नाही, म्हणजे 'कॉल्ड सागर अँड मी'. ही युक्ती 'बिटवीन'ला चालत नाही, कारण त्याला दोघं लागतातच. तिथे दोघांच्या जागी एकच सर्वनाम घालून बघा. 'बिटवीन वी' होत नाही, 'बिटवीन अस' होतं. म्हणून 'बिटवीन यू अँड मी'. यावर कुणीतरी शेक्सपियर काढतं. 1600 साली छापलेल्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये, अँटोनियोच्या पत्रात, 'बिटवीन यू अँड आय' आहे हे खरं. पण आज परीक्षेत नाहीतर नोकरीच्या अर्जात तसं लिहिलं तर ती चूकच धरतात.

काही क्लासवाले आणखी एक सल्ला देतात: मनात मराठी करून बघा, 'मला' आलं की 'मी' लिहा. हा सल्ला फार नुकसान करतो. 'साहेबांनी सागरला आणि मला बोलावलं' इथे तो जुळतो. पण 'सागरला आणि मला तांबडा रस्सा आवडतो' याचं काय? इंग्रजीत आवडून घेणारे तुम्ही दोघं कर्ते ठरता, म्हणून 'सागर अँड आय लाइक तांबडा रस्सा'. मला वाटतं, मला भूक लागलीय, मला पोहता येतं, मला ताप आलाय, मला घरी जायचंय. मराठीत सगळीकडे मला, इंग्रजीत सगळीकडे आय. आवड, भूक, ताप ज्याला होतो त्याला आपण 'ला' लावतो. इंग्रजी त्याच माणसाला कर्ता करून क्रियापदाच्या आधी उभा करते. तेव्हा कसोटी लावायची ती तयार इंग्रजी वाक्याला, मनातल्या मराठीला नाही.

आय की 'मी' या पेचातून सुटायला पुष्कळ जण 'मायसेल्फ'चा आधार घेतात. 'प्लीज कॉन्टॅक्ट सागर ऑर मायसेल्फ' वाचलं की माझी चिडचिड होते. साधं 'सागर ऑर मी' लिहा. इंटरव्ह्यूत 'मायसेल्फ अमुक, फ्रॉम कोल्हापूर' म्हणणंही आता सोडाच. 'आय ॲम' म्हणा. मायसेल्फ तेव्हाच, जेव्हा करणारा आणि सोसणारा एकच असतो: 'आय कट मायसेल्फ', नाहीतर 'मी स्वतः' असा जोर द्यायचा असतो: 'आय डिड इट मायसेल्फ'.

फोनवर 'इट्स मी' खुशाल म्हणा, 'इट इज आय' आज फार पुस्तकी वाटतं. 'टॉलर दॅन मी' पण चालतं. फक्त 'शी लाइक्स यू मोअर दॅन मी' लिहिताना जपा. मी तुला मानतो त्यापेक्षा ती तुला जास्त मानते, की ती मला मानते त्यापेक्षा तुला जास्त, हे त्यातून कळत नाही. पहिलं म्हणायचं असेल तर 'दॅन आय डू' लिहा, दुसरं असेल तर 'दॅन शी लाइक्स मी'.