ओपिऑइड संकट आणि औषध कंपन्यांची कायदेशीर जबाबदारी

अफूच्या जातीच्या (म्हणजे ओपिऑइड) पेनकिलर गोळ्यांमुळे अमेरिकेत लाखो माणसं व्यसनात अडकली, त्याचा जाब गोळी बनवणाऱ्या कंपनीला कितपत विचारता येतो, असा हा विषय. 1999 पासून तिथे ओपिऑइडच्या ओव्हरडोसने आठेक लाख लोक गेले, अर्थात यात हेरॉइन आणि चोरटं फेंटानिल (फार तीव्र कृत्रिम ओपिऑइड) हेही आलं, सगळे काही गोळ्यांचे बळी नाहीत.

कंपन्यांचा बचाव सरळ होता, औषधाला एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी औषध नियामकाची, मंजुरी आहे, डॉक्टरने लिहून दिलंय, आता कोणी गोळी चुरून नाकात ओढली तर आमचा काय दोष? म्हणून खटले गोळीपेक्षा ती खपवताना काय सांगितलं यावर जास्त लढले गेले. पर्ड्यू फार्माची ऑक्सिकॉन्टिन ही ओपिऑइड पेनकिलर गोळी 1996 ला बाजारात आली तेव्हा लेबलवरच छापलेलं की औषध हळूहळू शोषलं जातं त्यामुळे गैरवापराचा धोका कमी होतो 'असं मानलं जातं'. कोण मानतं, कशावरून, काही पत्ता नाही, आणि गोळी चुरली की बारा तासांचा डोस एकदमच अंगात. कंपनीचे एमआर टोप्या, कॉफीचे मग, गाण्यांच्या सीड्या वाटत डॉक्टरांना सांगायचे की व्यसन लागण्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आहे. असल्या दाव्यांना आधार म्हणून खूपदा 1980 चं एका मेडिकल जर्नलमधलं पत्र पुढे केलं जायचं, जेमतेम एका परिच्छेदाचं, तेही हॉस्पिटलात ॲडमिट पेशंटबद्दल, घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही.

2007 मध्ये पर्ड्यूच्या संलग्न कंपनीने चुकीच्या माहितीने औषध विकल्याचा गुन्हा कबूल केला, 60 कोटी डॉलर भरले, तिघा बड्या अधिकाऱ्यांनीही गुन्हा कबूल केला पण तुरुंगात कोणीच गेलं नाही. 2020 ला कंपनी परत दोषी.

राज्यांनी आणि शहरांनी 'सार्वजनिक उपद्रव' हे कलमही वापरलं, म्हणजे आपल्याकडे गटार तुंबलं, धूर सोडला की लागतं त्यातलंच. ओक्लाहोमात 2019 ला जॉन्सन अँड जॉन्सन त्यावर हरली, 2021 ला तिथल्याच सुप्रीम कोर्टाने निकाल उलटवला, की माल विकणं हा उपद्रव होत नाही.

खरा पेच दिवाळखोरीचा. मालक सॅकलर कुटुंबाने आधी कंपनीतून अब्जावधी डॉलर काढून घेतले, मग 2019 ला कंपनी दिवाळखोर, आणि स्वतः दिवाळं न काढता यांना पुढच्या दाव्यांतून मात्र कायमची सूट हवी होती. 2024 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी ती नाकारली. मग 7.4 अब्ज डॉलरची नवी तडजोड झाली, 2025 च्या नोव्हेंबरमध्ये कोर्टाने मान्य केली.

जेल झाली ती अमृतसरमध्ये जन्मलेल्या जॉन कपूर यांना, इन्सिस या औषध कंपनीचे संस्थापक, फेंटानिलचा स्प्रे लिहावा म्हणून डॉक्टरांना 'भाषणाचं मानधन' या नावाखाली लाच दिल्याबद्दल 2020 ला साडेपाच वर्षं.

हे लोण महाराष्ट्रातही निघालं. टॅपेंटाडॉल (ओपिऑइड पेनकिलर) आणि कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैल करणारं औषध) एकत्र असलेल्या गोळ्या मुंबईच्या एका कंपनीकडून पश्चिम आफ्रिकेत जातायत हे बीबीसीने दाखवलं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्राने या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात दोन्हीच्या परवानग्या काढून घ्यायला सांगितल्या.