पाणी किती फुटांवर?

ऑगस्टमधली सकाळ, आणि पाऊस उघडायचं नाव घेत नसला की निम्मी सांगली कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर असते. कुणाच्या हातात छत्री, कुणी डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेतलेली, कुणी पोराला खांद्यावर बसवलेलं. "कोयनेतनं किती सोडलंय?" असं कुणीतरी विचारतं. कुणाला विचारलं हे त्यालाही माहीत नसतं, पण उत्तर तिघांकडून येतं. एक जण कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचं गणित मांडतो, दुसरा 2005 सालचा पूर काढतो, तिसरा म्हणतो, 2019 पुढं ते काहीच नव्हतं. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतं.

त्या गर्दीत मीही होते. लग्न होऊन सांगलीत आल्यावर पहिली काही वर्षं शेजारणीशी जिन्यात गाठ पडू नये म्हणून आधी दाराच्या भिंगातून बघून मग बाहेर पडणारी मी. त्या सकाळी पाच अनोळखी माणसांशी बोलले. एका आजोबांशी तर चांगली दहा मिनिटं. घरी येऊन ओले कपडे पिळताना लक्षात आलं की आपण लाजायचंच विसरलो.

पुलावर धीर कुठून आला? माझं उत्तर असं, की धीर आलाच नव्हता, त्याची गरजच पडली नव्हती. सगळ्यांची नजर पाण्यावर होती. माझीही.

ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995 मध्ये लोकांत वावरायच्या भीतीचं एक प्रतिमान मांडलं. आजही उपचार करणारे त्याचा आधार घेतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चारचौघांत गेल्यावर भित्र्या माणसाचं लक्ष समोरच्यावर राहत नाही, ते आत वळतं. मेंदूतली अमिग्डाला नावाची बदामाएवढी गाठ धोक्याची घंटा वाजवते, अॅड्रिनलिन सुटतं, छाती धडधडते, घशाला कोरड पडते. हे सगळं आत चाललेलं असतं, बाहेर त्यातलं फारच थोडं दिसतं. पण माणूस आतल्या धडधडीवरूनच बाहेरचं चित्र रंगवतो. मला एवढं कापरं भरलंय म्हणजे ते सगळ्यांना दिसतच असणार! समोरचा खरोखर काय म्हणतोय, हसतोय का, कंटाळलाय का, हे बघायला लक्ष शिल्लकच राहत नाही.

मग माणूस बचावाच्या युक्त्या शोधतो. लग्नाच्या हॉलमध्ये मोबाईल काढून उगाच बोट फिरवत राहायचं, वाक्य आधी मनात तीनदा म्हणून बघायचं, पंगत उठली रे उठली की सटकायचं. तोटा असा की हसं झालं नाही तरी श्रेय जातं युक्तीला. "वाचले ते मोबाईलमुळे" अशी मेंदूची नोंद होते आणि भीती जिथल्या तिथं राहते.

या भीतीतला मोठा वाटा, आपण लोकांना किती दिसतो याच्या चुकीच्या हिशेबाचा असतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी त्याची मजेशीर मोजणी केली, ती 2000 मध्ये प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावला. त्या वयाच्या मुलांना तो घालायची लाजच वाटावी असा. मग त्याला, आधीच बसलेल्या मुलांच्या खोलीत उशिरा पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांनी टी-शर्टवरचा चेहरा ओळखला असेल? घालणाऱ्यांना वाटलं, जवळपास निम्म्यांनी. प्रत्यक्षात पाव हिश्शाच्या आसपास मुलांनी ओळखला होता.

हा प्रयोग मी वाचून मान डोलावली होती, पण पटला तो टाळामुळे. आमच्या गल्लीत महिलांचं भजनी मंडळ आहे, दर गुरुवारी दोन तास. नणंदेनं ओढून नेलं म्हणून गेले. पहिले तीन गुरुवार मागे भिंतीला टेकून बसले, चौथ्याला कुणीतरी हातात टाळ दिला. दोरी तर्जनीला कशी गुंडाळायची हेही शेजारच्या काकूंनी दाखवलं. शेवटच्या गजरात लय चढत गेली, मीही रंगात आले आणि सगळ्यांनी एकदम थांबवलं तेव्हा माझा टाळ एकटाच वाजला. खण्ण! त्या रात्री मला झोप नाही. पुढच्या गुरुवारी दांडी मारायचं जवळजवळ ठरलंच होतं. तरी गेले, आणि पेटीवाल्या काकूंना म्हटलं, "मागच्या वेळी माझं शेवटी फारच चुकलं हो." त्या म्हणाल्या, "कधी गं? अगं, मलाच घोर लागला होता, मध्ये दोनदा काळी पाच सोडून भलतीच पट्टी दाबली मी. तुला कळलं असेल ना?"

मला कळलं नव्हतं. मी माझ्या टाळात होते, त्या त्यांच्या पट्टीत.

एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांचं 2018 मधलं काम याच्याच पुढचं. दोन अनोळखी माणसांना गप्पा मारायला बसवलं आणि नंतर वेगवेगळं विचारलं, तुम्हाला समोरचा किती आवडला आणि त्याला तुम्ही किती आवडलात? बहुतेकांनी आपण समोरच्याला कमीच आवडलो असणार असं धरलं होतं. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या मुलांमध्ये हा गैरसमज कित्येक महिने टिकला. थोडक्यात, लोकांना आपण वाटतं त्यापेक्षा बरे वाटतो.

शिकागोच्या लोकल गाड्यांमध्ये निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी केलेला प्रयोगही (2014) प्रसिद्ध आहे. शेजारच्या अनोळखी प्रवाशाशी बोला असं ज्यांना सांगितलं, त्यांचा प्रवास गप्प बसणाऱ्यांपेक्षा सुखाचा झाला. आधी विचारल्यावर मात्र लोकांना उलटंच वाटत होतं. आता हे जसंच्या तसं इकडे आणण्यात अडचण आहे. सांगली-कोल्हापूर एसटीत कुणी गप्प बसतच नाही. आपली भीती शांततेची कमी आणि चौकशीची जास्त. "काय करता? घरचं का भाड्याचं? एकच मुलगी का?" इस्लामपूरची बाई तासगावच्या बाईला जयसिंगपूर येईपर्यंत उलटीपालटी करते. पुष्कळ तरुण मुलं कानात इअरफोनचे बोळे घालून बसतात ती लाजाळू म्हणून नव्हे, या सरबत्तीला कंटाळून. आणि माझी त्यांना सहानुभूती आहे. पुलावरचं बोलणं हलकं वाटतं कारण तिथं विषय तुम्ही नसता.

छंदाचं मोल मला इथं दिसतं. छंद म्हणजे दोघांच्या मध्ये ठेवलेलं पाणी. भजन, बुद्धिबळ, कुंड्यांतली बाग, ट्रेक, विणकाम, काहीही. दोघं मिळून तिसऱ्या गोष्टीकडे बघतात आणि लक्ष आत वळायला फुरसत मिळत नाही. त्यातही एकत्र गाण्याचा गुण थोडा वेगळा. रॉबिन डनबार यांच्या ऑक्सफर्डमधल्या गटानं ब्रिटनमध्ये प्रौढांसाठी नव्यानं सुरू झालेले वर्ग सात महिने पाहिले. काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, एक लेखनाचा. 2015 मध्ये आलेला निष्कर्ष असा, की गाणाऱ्यांची आपसांत जवळीक फार लवकर झाली. पण सात महिन्यांनी बाकीच्या वर्गांनीही त्यांना गाठलं होतं. म्हणजे गळा असो नसो, मैत्री होतेच. गाण्यानं सुरुवातीचा अवघडलेपणा तेवढा लवकर जातो. एका लयीत हलणारी, एका श्वासात ओळ उचलणारी माणसं परकी राहत नाहीत, हे मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या गल्लीपासून चार मैलांवर राहणाऱ्या आम्हाला शास्त्रज्ञांनी सांगायला हवं होतं असं नाही. पण मोजून सांगितलं हे बरं झालं.

किती वेळ लागतो, याचाही एक अंदाज आहे. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये काढला: नुसत्या ओळखीचं रूपांतर वरवरच्या मैत्रीत व्हायला साधारण 50 तास, मित्र म्हणवायला 90, जिवाभावाच्या मैत्रीला 200 च्या वर. आमच्या भजनाच्या हिशेबात 50 तास म्हणजे सहा महिने आणि 200 तास म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. पहिल्या तीन गुरुवारांत मला तिथं परकं वाटलं यात नवल नव्हतं; माझे फक्त सहा तास झाले होते. भिशी आणि हळदीकुंकवाला नाकं मुरडणाऱ्या माझ्या मैत्रिणी आहेत, मीही मुरडायचे. पण ठरलेली तारीख, ठरलेली माणसं, बोलायला काही नसलं तरी हातात वाटी किंवा वाण, ही रचना लाजाळू माणसासाठी किती सोयीची आहे! हळदीकुंकवातली सवाष्णीची अट तेवढी काढून टाकली पाहिजे.

"आधी आत्मविश्वास आणा, मग बाहेर पडा" हा सल्ला मला उलटा वाटतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी 1977 मध्ये 'हे मला जमेल' ही भावना कुठून येते याचे चार उगम सांगितले. त्यांत सगळ्यात बळकट म्हणजे स्वतः केलेल्या आणि जमलेल्या गोष्टी. दुसऱ्याचं पाहणं त्याखालोखाल, आणि "तू करू शकतेस गं" हे सांगणं बरंच दुबळं. अल्बर्ट एलिस हे पुढे नावाजलेले मानसोपचारतज्ज्ञ 19 वर्षांचे असताना फार लाजाळू होते. ते सांगत की त्यांनी न्यूयॉर्कच्या एका वनस्पतिउद्यानात महिनाभर बाकावर एकट्या बसलेल्या 130 स्त्रियांशी बोलायचा प्रयत्न केला. 30 जणी उठून गेल्या, 100 जणी बोलल्या, एकीनं भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही, आणि भीती गेली. (आमच्या सांगलीच्या आमराई बागेत कुणी हा प्रयोग करू नये. बाकावरच्या बाईला तिची शांतता हवी असते, तिचा विचार त्या गोष्टीत कुठेच नाही.)

मेंदूत काय घडतं? जे होईल म्हणून धास्ती घेतली ते झालं नाही, की जुन्या आठवणीवर एक नवी आठवण बसते. जुनी पुसली जात नाही. म्हणून खंड पडला की भीती पुन्हा डोकं वर काढते, आणि एकदाच मोठी उडी मारण्यापेक्षा लहान लहान आणि वारंवार बरं. पहिल्या आठवड्यात दूधवाल्याला नुसतं "काय, आज लवकर?" पुरे.

वारंवार म्हणजे सवय, आणि सवयीच्या बाबतीत 21 दिवसांचं खूळ लोकांच्या डोक्यात बसलंय. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जननं 1960 मध्ये लिहिलं होतं की रुग्णाला आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला निदान 21 दिवस लागतात. त्यातलं 'निदान' गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सगळ्याच सवयी आल्या. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांना रोज ठरावीक प्रसंगाला जोडून एक नवी गोष्ट करायला लावली. 2010 मध्ये छापून आलेला आकडा सरासरी 66 दिवसांचा होता. कुणाला 18 दिवस पुरले, तर कुणाचा आलेख 254 दिवसांपर्यंत लांबत होता. जेवणाबरोबर पाणी पिणं लवकर अंगवळणी पडतं, व्यायामाला वेळ लागतो. मला सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही.

झोपेचं एक सांगते. 2018 मध्ये कॅलिफोर्नियात एटी बेन सायमन आणि मॅथ्यू वॉकर यांनी रात्रभर जागलेल्या तरुणांकडे एक माणूस चालवत आणला आणि नकोसा वाटेल तिथं थांबवा असं सांगितलं. झोप झालेल्या दिवसापेक्षा त्याला त्यांनी लांबच थांबवलं. रात्री एकपर्यंत रील्स बघून सकाळी "मला माणसंच नकोशी झालीत" म्हणणाऱ्या आमच्या घरातल्या कॉलेजकुमाराला हे सांगून झालंय. उपयोग शून्य.

लाजाळूपणा आणि आजार यांतली रेघ मात्र ओळखता आली पाहिजे. भीतीपायी महिनोन् महिने नोकरीच्या मुलाखती टाळल्या जात असतील, वर्गात हजेरीला "हजर" म्हणतानाही घाम फुटत असेल, तर ती सामाजिक भयविकृती असू शकते. तिला बोधात्मक वर्तनोपचार (विचारांची आणि वागण्याची सवय बदलायचे उपचार) आणि गरज पडली तर औषधं, दोन्ही लागू पडतात. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आमराईत सकाळी फिरायला जायला लागून मला आता सात वर्षं झाली. पहिले दोन-तीन महिने कुणाशी बोलले नाही, फेऱ्या मोजायचे. मग एक दिवस कुकरची शिट्टी होईना म्हणून पंधरा मिनिटं उशिरा पोचले, तर समोरून येणाऱ्या, नावही माहीत नसलेल्या बाई न थांबताच म्हणाल्या, "आज उशीर?" आपण रोज येतो हे कुणाला तरी माहीत आहे, या एवढ्याशा गोष्टीचं मला दिवसभर काय कौतुक वाटलं होतं.

महिन्याभरापासून एक नवी मुलगी येते. कानात बोळे, नजर खाली, कडेकडेनं चालते. परवा ती आली तेव्हा माझ्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. म्हटलं, "आज उशीर?"

तिनं एका कानातला बोळा काढला. "नळाला पाणीच नव्हतं हो सकाळी."

"आमच्याकडंही नव्हतं. परवासुद्धा गेलं होतं ना?" मी म्हटलं, आणि पुढच्या अर्ध्या फेरीत कुठल्या गल्लीत पाणी किती वाजता येतं याची आम्ही सविस्तर मोजदाद केली.